गुंगीतली तीन वाक्यं

१

"कारखाना सोडू नकोस. मी आलो होतो. जिन्यात होतो."

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ही तीन वाक्यं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेली. त्या वेळी पहिल्या फोनचा मालक दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा होता. तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, दाढ पोखरलेली, आणि पोटात गुंगीची गोळी.

"मी झोपलो होतो!" मालक माझ्यासमोर टेबलावर हात आपटून सांगत होते. "झोपलेल्या माणसाचा खिसा चाचपतात हे लोक! याला दवाखाना म्हणायचं?"

त्यांचा डावा गाल अजून जरा सुजलेला होता. रूट कॅनालची एकच सिटिंग झाली होती, दाढेत कच्चं सिमेंट होतं, आणि चिडून दुसऱ्या सिटिंगला ते यायलाच तयार नव्हते. म्हणजे दुखणंही चालू आणि भांडणही चालू.

मी भूलतज्ज्ञ. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना झोपवलं आणि उठवलं. निवृत्त झाल्यावर दंतवैद्यांच्या संघटनेने तक्रार समितीवर घेतलं. नाही म्हणायचं राहून गेलं, ते आजतागायत निस्तरते आहे. गुंगीची कुठलीही तक्रार आली की फोन मला. कुणाला कवळी सापडत नाही, कुणी शुद्धीवर येताना नर्सला आई म्हणालं. हे प्रकरण मात्र वेगळं होतं.

तक्रार करणारे गृहस्थ खुर्च्या बनवतात. सगळे त्यांना थोरले म्हणतात, कारण धाकटा भाऊही त्याच धंद्यात आहे. अकरा वर्षांत दोघांचं बोलणं नाही. वडिलांचा जुना कारखाना धाकटे चालवतात, पण जागा थोरल्यांच्या नावावर. थोरल्यांनी दावा लावला, जिंकला. येत्या सोमवारी धाकट्यांनी किल्ली द्यायची, असा कोर्टाचा हुकूम. आणि मंगळवारी हा मेसेज.

"त्याने सामान बांधायचं थांबवलंय," थोरले म्हणाले. "त्याचा वकील म्हणतो, तुम्हीच लिहून दिलंत सोडू नको म्हणून. मी! मी लिहीन?"

"आणि हे जिन्यात होतो म्हणजे काय?"

"मला काय विचारता? ज्याने लिहिलं त्याला विचारा. काहीतरी खुणेचा शब्द असेल त्यांचा." ते उठले. "शनिवार संध्याकाळपर्यंत वाट बघतो. मग पोलीस. आणि नावही देणार आहे मी. त्या मदतनीस बाईचं."

"तिचंच का?"

"तिचा नवरा कुणाकडे कामाला आहे विचारा तिला," दारातून ते म्हणाले. "माझ्या भावाकडे. पॉलिश मारतो तिथे."

२

दवाखाना दोन खोल्यांचा. आत उपचाराची खुर्ची, बाहेर बसायची जागा आणि डॉक्टरांचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर. आतल्या खोलीला लागून एक चिंचोळी मोरीवजा जागा, तिथे हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र.

दंतवैद्य तरुण होता, हुशार होता, आणि घाबरला होता.

"मॅडम, एवढा भित्रा पेशंट मी पाहिला नाही. आधी दोनदा खुर्चीत बसून उठून गेले. पांढरा कोट दिसला की घाम. म्हणून गोळी दिली. डोस बरोबर आहे, कागद बघा. तासाभराने मस्त सैलावले. तोंड उघडा म्हटलं की उघडत होते, मान वळवा म्हटलं की वळवत होते."

"खोलीत कोण होतं?"

"मी आणि आमच्या मदतनीस सिस्टर."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ." हे सांगताना तो खिशातल्या पेनाचं टोपण काढून घालत होता.

मदतनीस बाईंना दवाखान्यात सगळे ताई म्हणतात. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, अंगाने बारीक. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते.

"माझे हे त्यांच्या भावाकडे आहेत, खरं आहे. लपवलं नाही मी. कुणी विचारलंच नाही तर काय पाटी लावून फिरू? सोमवारी कारखाना बंद झाला तर ह्यांचं काम जाईल, तेही खरं. पण म्हणून मी असलं करीन?"

"तुम्ही खोलीबाहेर गेला होतात?"

"नाही." फार पटकन उत्तर आलं.

मला माणसं खोटं बोलतात याचं काही वाटत नाही. वैताग येतो तो इतकं पातळ खोटं बोलतात याचा. मी मॉनिटरची पट्टी मागितली. गुंगी दिलेल्या पेशंटच्या बोटाला एक क्लिप लावतात. नाडी आणि ऑक्सिजन ती सतत मोजते आणि यंत्र ते कागदावर छापत राहतं. कागदाला कुणाची नोकरी वाचवायची नसते.

पट्टी मी टेबलावर उलगडली. साडेअकराला नाडी चौसष्ट. अकरा पस्तीसला त्रेसष्ट. म्हणजे गृहस्थ निवांत.

आणि अकरा चाळीस ते अकरा त्रेचाळीस, कागद कोरा. क्लिप बोटावर नव्हती.

"हे काय?"

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी ताईंकडे.

"हात हलवला असेल," दोघं एकदमच म्हणाले.

३

थोरल्यांबरोबर दवाखान्यात त्यांची मुलगी आली होती. ती शाळेत भूगोल शिकवते. मधल्या सुट्टीत मी तिला शाळेच्या पायऱ्यांवर गाठलं.

"बाबांचा फोन कसा उघडतो?"

"बोटाने. तेही डाव्या हाताच्या पहिल्या बोटानेच. उजव्या हाताची बोटं घासकागदाने इतकी गुळगुळीत झालीत की फोन ओळखतच नाही. मीच सेट करून दिलंय."

"आकड्यांचं कुलूप?"

"ते बाबांना आठवत नाही आणि मी विचारलं नाही. नसती ब्याद." मग ती थांबली. "तुम्हाला वाटतंय मी पाठवला?"

"पाठवलात का?"

"खरं सांगू? पाठवायला हवा होता. काकाशी बोला म्हणून दहा वर्षं घसा कोरडा केला मी. पण जिन्यात होतो हे मी कशाला लिहीन? त्याचा अर्थसुद्धा मला कळत नाही."

"पावणेबाराच्या आसपास तुम्ही कुठे होतात?"

"बाहेरच. डॉक्टर मला कॉम्प्युटरवर एक्स-रे दाखवत होते. दाढेची मुळं कशी वाकडी आहेत, वेळ का लागतोय, सगळं समजावलं त्यांनी. चांगली पाच मिनिटं."

मी वही मिटली. पूर्ण वेळ खोलीत असलेला डॉक्टर चांगली पाच मिनिटं बाहेर एक्स-रे दाखवत होता. तेही ही मुलगी सहज बोलता बोलता सांगते!

परत दवाखान्यात गेले. या वेळी बसले नाही.

"डॉक्टर, तुम्ही बाहेर होतात."

तो कानापर्यंत लाल झाला. "पाचच मिनिटं, मॅडम. पण सिस्टर होत्या आत!"

आतून ताई आल्या. त्यांनी ऐकलं होतं.

"सर, मी कुठे होते? बारीक सुई आणायला मी यंत्रापाशी गेले होते. मला वाटलं तुम्ही आहात."

"मला वाटलं तुम्ही आहात."

मी कपाळाला हात लावला. गुंगीतल्या पेशंटला एकटं सोडायचं नाही, हा पहिला नियम. तो मोडला म्हणून दोघं घाबरले, आणि ते झाकायला दोघं माझ्याशी दोन दिवस खोटं बोलले. आणि आता झालं काय? डॉक्टर आणि मुलगी एकमेकांसमोर होते, म्हणजे ते दोघं सुटले. राहिली एकच व्यक्ती. खुर्चीपासून चार पावलांवर, एकटी, आणि जिचा नवरा त्या कारखान्यात पॉलिश मारतो.

ताईंनाही ते त्याच क्षणी कळलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी परत आले तेव्हा क्लिप खाली लोंबत होती. मीच लावली. पण एक गोष्ट मी सांगितली नाही."

४

"ते रडत होते," ताई म्हणाल्या. "डोळ्यांवर घातलेल्या दवाखान्याच्या चष्म्याखालून पाणी कानापर्यंत गेलं होतं. मला वाटलं दाढ दुखतेय. मी सरांना हाक मारली, सरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. नंतर पुसलं मी सगळं. सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, पेशंट रडेपर्यंत तुम्ही होतात कुठे?"

जादा इंजेक्शनची नोंद कागदावर होती, अकरा पंचेचाळीस. आणि पट्टीवर, क्लिप परत लागल्याबरोबरची नाडी होती एकशे बारा.

हा आकडा मी बराच वेळ बघत बसले. मग रिक्षा करून धाकट्यांच्या कारखान्यावर गेले.

कारखाना म्हणजे लांबट पत्र्याची शेड. अर्धं सामान पोत्यांत बांधलेलं, अर्धं तसंच. भिंतीला उलट्या टांगलेल्या खुर्च्या. धाकटे भुशाने माखलेले, नाकावर चष्मा, कानामागे पेन्सिल. बसायला दिलेली खुर्ची आधी स्वतः हलवून पाहिली, मग मला दिली.

"तुम्ही मेसेजला उत्तर दिलंत?"

"दिलं ना. 'खरंच?' एवढंच लिहिलं. त्यावर संध्याकाळी फोन आला. अकरा वर्षांनी आवाज ऐकला दादाचा, आणि तो काय तर शिव्या." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"तुमचं बिनसलं कशावरून? जागेवरून?"

"छे. जागा नंतर आली. आई गेली त्यावरून." त्यांनी पेन्सिल काढून हातात घेतली. "तिसऱ्या मजल्यावर होती ती, हॉस्पिटलात. शेवटच्या दिवशी सकाळी मी दादाला तीनदा फोन केला. तो आलाच नाही. आणि नंतर चारचौघांत म्हणाला, मी माल पोचवायला बाहेर गेलो होतो, याने मला कळवलंच नाही. मला खोटारडा ठरवला, सगळ्या नातेवाइकांसमोर. मग मीही नाही नाही ते बोललो."

"जिन्यात होतो, याचा अर्थ काय?"

"देव जाणे. कुठला जिना? मी आणि बायको चार दिवस हाच विचार करतोय."

म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि त्यांना नाही, तर त्यांच्या पॉलिशवाल्याला कसं असेल? आणि त्याच्या बायकोला?

"शेवटच्या दिवशी," मी विचारलं, "आई काही बोलल्या? काही मागितलं?"

"आदल्या रात्रीपासून एकच धोशा. माझा चष्मा द्या. तो दादाच्या घरी राहिला होता. दादाला तेही फोनवर सांगितलं होतं मी."

"मग मिळाला?"

"मिळाला की. नऊच्या सुमाराला एका नर्सने आणून दिला. वहिनींनी कुणाच्या तरी हाती पाठवला असणार."

"असणार म्हणजे? विचारलंत का कधी?"

"विचारणार कसं? बोलणंच बंद."

अकरा वर्षं! एक साधा प्रश्न! मी तिथल्या तिथे थोरल्यांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. त्यांनी चष्मा कुणाच्याही हाती पाठवला नव्हता. त्या दिवशी सकाळी थोरले सातलाच घरातून निघाले होते, आणि टेबलावरचा चष्मा त्यानंतर त्यांना दिसला नव्हता.

५

शनिवारी दुपारी थोरल्यांच्या घरी गेले. मुलगी होती, वहिनी होत्या. मी दोघींना आतच राहायला सांगितलं. काही गोष्टी माणसाला एकट्यालाच ऐकवाव्यात.

"सापडली का ती बाई?" थोरल्यांनी विचारलं.

"मेसेज तुम्ही पाठवलात."

ते उठले. त्यांना काय काय म्हणायचं होतं ते त्यांनी म्हणून घेतलं. मी वाट पाहिली. चौतीस वर्षं मी माणसं शांत होण्याची वाट पाहत आले आहे, फक्त तेव्हा हातात औषध असायचं.

"बसा आणि ऐका. तुम्ही म्हणता, मी झोपलो होतो. झोपला नव्हतात. या गोळीने माणूस झोपत नाही, सैलावतो. सांगितलं ते करतो, हवं ते करतो. फक्त नंतर त्याला आठवत नाही. तुम्ही मान वळवत होतात, तोंड उघडत होतात. आठवतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमचा फोन डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने उघडतो. क्लिप त्याच बोटावर होती. ती अकरा चाळीसला निघाली, मेसेज बेचाळीसला गेला. त्या वेळी खोलीत कुणी नव्हतं, ही दवाखान्याची चूक आहे आणि ती मी लिहिणार आहे. आता समजा, ताईंनी तुमचं बोट धरून फोन उघडला. झोपाळलेल्या माणसाचं बोट कुणी उचललं तर त्याची नाडी त्रेसष्टची एकशे बारा होत नाही. आणि तो रडत नाही. तोंडावर पडदा होता, बोलता येत नव्हतं. म्हणून लिहिलंत."

"काहीतरीच. माझ्या मनातसुद्धा नव्हतं—"

"जिन्यात होतो. हे मुलीला कळलं नाही. डॉक्टरला, ताईंना, तुमच्या भावालाही कळलं नाही. ज्याला माहीत नाही तो लिहिणार कसा? त्या दिवशी सकाळी सात वाजता आईचा चष्मा घेऊन घरातून कोण निघालं होतं?"

थोरले दाढ दाबून बसले होते. दाढेचं दुखणं होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये," शेवटी ते म्हणाले. "तिथवर गेलो. तो वास आला औषधांचा. पाय उचलेचना. एका नर्सच्या हातात चष्मा दिला, म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर द्या. आणि बसलो. वर रडण्याचा आवाज आला तेव्हा तिथेच होतो. साठ पायऱ्या चढून दहा उरल्या होत्या. हे कुणाला सांगणार? थोरला मुलगा, आणि दवाखान्याला घाबरतो! म्हणून म्हटलं, मला कळवलंच नाही. एकदा म्हटलं की मग तेच धरून बसावं लागतं."

"आणि त्यासाठी भावाला खोटारडा केलात."

"हो."

मला रागच आला होता, तो मी लपवला नाही. अकरा वर्षं, एक दावा, दोन वकील, एका निरपराध बाईचे तीन दिवसांचे अश्रू, आणि मुळाशी काय तर दहा पायऱ्या.

"माझा अहवाल असा असेल," मी म्हणाले. "मेसेज पेशंटने स्वतः पाठवला, पण गुंगीत. गुंगीतल्या माणसाचं लिहिणं म्हणजे संमती नव्हे. त्यामुळे तो मेसेज तुम्हाला बांधील नाही. तुमच्या वकिलाला हे आवडेल. सोमवारी तुम्ही किल्ली खुशाल घेऊ शकता."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे ते धरायचंच नाही?"

"कायद्याने नाही. धरायचं असेल तर शुद्धीत पुन्हा लिहा. किंवा बोला."

मी पर्स उचलली. ते म्हणाले, "थांबा जरा." डाव्या हाताच्या बोटाने फोन उघडला. दोनदा चुकलं, बोटाला घाम होता. मला तिथे थांबायचं नव्हतं, पण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता. ऑपरेशनच्या आधी माणसं ठेवतात तसा.

"मी आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "शुद्धीत आहे." आणि सगळं सांगितलं. वाक्यं तुटत होती, काही दोनदा आली, पण सांगितलं.

मग धाकट्यांचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला, इतके ते ओरडले.

"अकरा वर्षं, दादा! अरे, हाक मारायचीस ना! मी खाली आलो असतो, धरून नेलं असतं तुला वर! चष्मा लावून ती दाराकडे बघत होती. मी म्हणालो, दादा येतोय. तर म्हणाली, माहितीये मला. तो घाबरट आहे, हळूहळू येईल."

थोरल्यांनी फोन कानापासून खाली घेतला आणि ते रडू लागले. या वेळी कुठलीही गोळी पोटात नव्हती.

६

ताईंची माफी मागायला थोरले स्वतः दवाखान्यात गेले. दाराबाहेर दहा मिनिटं घुटमळले, पण आत गेले. ताईंनी माफी लगेच दिली नाही. "दोन दिवस बघते," म्हणाल्या, आणि मला ते फार आवडलं. डॉक्टरला मी लेखी ताकीद दिली आणि गुंगीच्या प्रशिक्षणाला पुन्हा पाठवलं. कारखान्याच्या किल्लीचं सोमवारी काय झालं असेल ते सांगायला नको. कोर्टाचा कारकून मात्र चिडला म्हणे.

राहिलेल्या सिटिंगला थोरल्यांनी अट घातली की गोळीनंतर मी खोलीत हवी. निवृत्त माणसाला काही इतर कामं नसतात, असा सगळ्यांचा समज आहे. गेले. बाहेरच्या खोलीत दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले होते, आणि आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"हा सांधा बघ. असा सांधा कुणी मारतं? खिळा ठोकलाय चक्क!"

"खिळा नाही तो, दादा. लाकडी खुंटी आहे, वर रंग दिलाय. डोळे तपासून घे."

"मला शिकवतोस? उलटी कर ती खुर्ची."

"तिच्यावर माणूस बसलाय."

खुर्चीवर बसलेला पेशंट गालाला रुमाल लावून केविलवाणं माझ्याकडे बघत होता. मी दोघांना गप्प बसायला सांगितलं. कुणीही ऐकलं नाही. शेवटी ताई बाहेर आल्या, थोरल्यांच्या दंडाला धरलं आणि आत घेऊन गेल्या. धाकटे उठले आणि न विचारता त्यांच्या मागोमाग आत शिरले.

"नातेवाइकांना आत परवानगी नाही," डॉक्टर म्हणाला.

"अहो, असू द्या," मी म्हणाले. "पूर्ण वेळ खोलीत थांबणारं कुणीतरी मिळतंय तुम्हाला."